रायफलच्या लाकडी दस्त्याला तेल: कोणतं निवडावं, कसं लावावं

विचारणा अशी आहे: घरात वारशाने आलेली जुनी रायफल आहे, दस्ता अक्रोडाचा. लाकूड कोरडं पडलंय, जागोजागी डाग आहेत आणि मुठीच्या भागात काळपटपणा आलाय. कोणी जवसाचं तेल लाव म्हणतं, कोणी टंग ऑइल, कोणी दस्त्यांसाठी मिळणारं तयार तेल, आणि एकाने पॉलियुरेथेन, म्हणजे प्लास्टिकसारखा थर धरणारं व्हार्निश, फवारायचा सल्ला दिलाय. नेमकं काय लावायचं, किती हात द्यायचे आणि किती दिवस लागतील?

सरळ उत्तर देतो. टंग ऑइल लावा किंवा चांगलं पॉलिमराइज्ड जवस तेल लावा, अक्रोडाला दोन्ही शोभतात. या दोन तेलांमुळे जेवढा फरक पडेल त्याहून कितीतरी जास्त फरक हात किती पातळ दिला आणि दोन हातांमध्ये किती थांबलात यामुळे पडतो. दिवस म्हणाल तर किमान तीन आठवडे धरून चला. पॉलियुरेथेन मात्र फवारू नका, निदान बाहेरून दिसणाऱ्या भागावर तरी नाही. त्याचं कारण पुढे येईल.

आधी तेल सुकतं म्हणजे काय होतं ते नीट समजून घ्या, कारण पुढच्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात. पाणी उडून जातं तसं तेल उडून जात नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेतं, त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि द्रवाचं घन होतं. सुकताना तेलाचं वजन उलट वाढतं. ही क्रिया ज्या तेलांत होते तीच दस्त्याच्या कामाची. खोबरेल, ऑलिव्ह किंवा शेंगदाण्याचं तेल या अर्थाने कधीच सुकत नाही. ते लाकडात ओलंच राहतं, धूळ धरतं आणि काही महिन्यांनी खवट वास मारतं. यंत्राचं किंवा बंदुकीच्या धातूला लावायचं खनिज तेलही तसंच. तेल सुकणारं आहे की नाही याचा अंदाज त्याच्या आयोडीन मूल्यावरून येतो: आकडा जितका मोठा तितकं तेल चांगलं सुकतं. जवसाचं साधारण १७० ते २००, खोबरेलाचं जेमतेम ६ ते ११. मोहरी आणि तीळ मध्ये कुठेतरी बसतात आणि दस्त्याला दोन्ही निरुपयोगी.

आता जवस. यातही तीन वेगळी तेलं एकाच नावाखाली विकली जातात. कच्चं जवस तेल फार हळू सुकतं. पातळ हातालाही कित्येक दिवस लागतात आणि दमट हवेत त्यावर बुरशी धरते. रंगारी ज्याला बेलतेल म्हणतात ते ‘बॉइल्ड’ म्हणून मिळणारं तेल बहुतेक वेळा उकळलेलं नसतं. त्यात कोबाल्ट, मॅंगनीज अशा धातूंची संयुगं मिसळून सुकण्याचा वेग वाढवलेला असतो. पातळ हात साधारण दिवसभरात सुकतो. तिसरं तेल म्हणजे खरोखर उष्णता देऊन, हवा न लागू देता दाट केलेलं. त्याला स्टँड ऑइल म्हणतात. ते कमी पिवळं पडतं आणि त्याचा थर जास्त कणखर असतो. दस्त्यांसाठी मिळणारी बरीच तयार तेलं याच घराण्यातली असतात: पॉलिमराइज्ड जवस, थोडं राळयुक्त व्हार्निश आणि पातळ करायला द्रावक. बर्चवुड केसीचं ट्रू-ऑइल हे त्यातलं सर्वांत परिचित नाव. ते दोन-तीन तासांत हाताला सुकं लागतं. घाई असलेल्याला ते सोयीचं, पण थरावर थर चढवत गेलात तर दस्ता काचेसारखा चकाकतो आणि जुन्या रायफलीवर ती चकाकी परकी दिसते. शेवटी बारीक स्टील वूलने ती मारता येते.

टंग ऑइल वेगळ्या झाडाचं, टंग वृक्षाच्या बियांचं. त्यात साधारण ८० टक्के इलिओस्टिअरिक आम्ल असतं आणि त्याची रचनाच अशी की ते जवसापेक्षा घट्ट विणलं जातं. म्हणून पाण्याला जास्त टिकतं, काळानुसार कमी पिवळं पडतं आणि मंद, मऊ झाक देतं. तोटा एकच, पण मोठा: जाड लावलं की वरची साय आधी आवळते आणि पृष्ठभाग सुरकुततो. शिवाय बाटलीवर ‘टंग ऑइल फिनिश’ लिहिलेलं असतं तेव्हा आत टंग असेलच असं नाही. अनेकदा ते पातळ केलेलं व्हार्निश असतं. ‘१०० टक्के शुद्ध’ असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच ते टंग ऑइल समजा. डॅनिश ऑइलचंही तसंच, ते एका तेलाचं नाव नाही. तेल, व्हार्निश आणि द्रावक यांचं ते मिश्रण असतं आणि प्रत्येक कंपनीचं प्रमाण वेगळं.

लष्करी रायफल असेल तर निवड इतिहासाने बरीचशी करून ठेवलेली असते. ली-एनफिल्डच्या दस्त्यांना कच्चं जवस तेल मुरवलेलं असायचं. अमेरिकन एम-१ गारंडच्या अक्रोडी दस्त्यांना आधी जवस होतं आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात टंग आलं. रशियन मोसिन-नागांतवर मात्र लाखेवर आधारलेलं व्हार्निश असायचं. तिच्यावर तेल चोळत बसणं म्हणजे मूळ रूप पुसणं. तुमच्या दस्त्यावर आधी काय आहे हे पाहायला बट-प्लेटच्या, म्हणजे दस्त्याच्या मागच्या टोकावरच्या पट्टीच्या, खाली, न दिसणाऱ्या जागी, कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन अर्धा मिनिट धरा. थर विरघळून चिकट झाला तर लाख. ॲसिटोननेच सुटला तर बहुधा लॅकर. दोन्हींना दाद दिली नाही आणि नखाने पापुद्रा निघतो आहे, तर पॉलियुरेथेन.

आणि इथेच पॉलियुरेथेनचा मुद्दा. पाण्याची वाफ अडवण्यात ते कोणत्याही शुद्ध तेलापेक्षा सरस आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. जवसाचा थर ओलाव्याला जवळजवळ वाट मोकळीच ठेवतो. तरी मी तेल सुचवतो, कारण दस्ता आपटतो, घासला जातो, खरचटतो. तेलाच्या दस्त्यावर ओरखडा आला तर तेवढीच जागा घासून दोन हात दिले की खूण मिसळून जाते. पॉलियुरेथेनला चीर पडली की तिथून पाणी आत शिरतं, थराखाली पांढुरका डाग येतो आणि दुरुस्तीसाठी सगळा दस्ता सोलावा लागतो. ज्या मालकाला वर्षातून एकदा तेलाची चिंधी फिरवायचा कंटाळा आहे, त्याला मी तेल देत नाही. तुम्ही इतक्या बारकाईने विचारलंय, म्हणून तुम्हाला देतो.

कामाला सुरुवात करताना रायफल रिकामी आहे याची खात्री दोनदा करा. मॅगझिन काढा, चेंबर डोळ्यांनी पाहा आणि बोटानेही तपासा. मग दस्ता धातूपासून पूर्ण वेगळा करा. स्क्रू कुठला कुठे होता ते कागदावर मांडून ठेवा, पुढचा आणि मागचा स्क्रू अनेकदा लांबीला वेगवेगळे असतात. तेल लावायचं ते फक्त सुट्या लाकडाला. नळी-चापासकट रायफल टांगून तेल चोळणारे मी पाहिलेत. ते तेल चापाच्या यंत्रणेत झिरपून तिथे गोंदासारखं घट्ट होतं, आणि चाप अडकणारी रायफल धोकादायक असते.

मुठीजवळचा काळपटपणा हा बहुतेक खनिज तेलाचा असणार. रायफल वर्षानुवर्षं नळी वर करून उभी ठेवली की धातूवरचं तेल खाली उतरून नेमकं तिथे मुरतं. त्याने लाकूड काळं तर होतंच, मऊही होतं, आणि मऊ लाकडात स्क्रूची पकड सुटते. तेल बाहेर काढायला खडूची बारीक पूड ॲसिटोनमध्ये कालवून दाटसर लेप द्या. द्रावक उडून गेलं की पूड पांढरी होते आणि तेल ओढून पिवळट-तपकिरी पडते. ती झटकून पुन्हा लेप द्या. चार-पाच वेळा करावं लागतं, कधी दहा वेळाही. लेप पांढराच राहायला लागला की थांबा. हे काम मोकळ्या हवेत आणि आगीपासून दूर करा. ॲसिटोनची वाफ भडकते.

चेपलेल्या जागा घासून काढू नका. तिथे लाकूड कमी झालेलं नसतं, फक्त दबलेलं असतं. ओलं सुती फडकं त्यावर ठेवून गरम इस्त्रीचं टोक काही सेकंद टेकवा, वाफेने तंतू फुगून वर येतात. तंतू तुटलेले असतील, म्हणजे खरी खाच असेल, तर वाफेने भरत नाही. ती तशीच राहू द्या किंवा लाकडाचा तुकडा बसवा.

पॉलिशपेपर मी अगदी नाइलाज असेल तरच वापरतो, आणि तोही नेहमी सपाट ठोकळ्यावर गुंडाळून. बोटांनी घासलं की कडा गोल होतात, आणि लाकूड जिथे धातूला भिडतं तिथे ते धातूच्या पातळीखाली जातं. ते परत आणता येत नाही. सुरुवातीच्या काळात एका जुन्या लष्करी दस्त्यावर मी १५० नंबरच्या कागदाने दोन मिनिटं जास्त घासलं आणि तपासनिसाचा ठसा अर्धा पुसला गेला. तो दस्ता आजही कोणाकडे तरी आहे, त्या अर्ध्या ठशासकट. तेव्हापासून ठसा, क्रमांक किंवा कोरीवकाम दिसलं की मी आधी त्याच्याभोवती टेप लावतो आणि तिथे फक्त द्रावक आणि मऊ ब्रश वापरतो. बाकीच्या भागाला १८०, मग २२०, मग ३२०. नेहमी तंतूंच्या दिशेने, आणि नाकाला मास्क लावून. अक्रोडाची धूळ अनेकांना बाधते आणि जुन्या थरांत काय काय असेल ते सांगता येत नाही.

मग एक पायरी जी जवळजवळ सगळे टाळतात. ओलसर फडक्याने सगळा दस्ता पुसा आणि वाळू द्या. हात फिरवाल तर लाकडाला बारीक लव आलेली जाणवेल. ती ३२० ने अलगद उतरवा. असं दोन-तीनदा करा, लव यायची थांबेपर्यंत. हे आता केलं नाही तर पहिल्या पावसात भिजल्यावर तीच लव तेलातून वर येईल आणि दस्ता खरखरीत होईल.

रंग गडद हवा असेल तर रतनजोत, म्हणजे तांबडा रंग देणारं मूळ, घ्या. इंग्लंडमधले जुने बंदूक-कारागीर तिच्याच जातकुळीच्या मुळाने जवस तेल रंगवून अक्रोडाला तो तांबूस गडदपणा देत असत. मुळाचा रंग पाण्यात उतरत नाही, तेलात उतरतो. मुळं काही दिवस तेलात भिजत ठेवा, गाळा आणि फक्त पहिल्या एक-दोन हातांना ते तेल वापरा. आधी न दिसणाऱ्या जागी करून बघा, कारण एकदा मुरलेला रंग निघत नाही.

आता प्रत्यक्ष तेल. पहिल्या हाताला तेल आणि टर्पेंटाइन समान मापात घ्या म्हणजे ते पातळ होऊन आत जाईल. ‘आत’ म्हणजे किती, याबद्दल मोठे गैरसमज आहेत. तंतूंच्या आडव्या दिशेने तेल मिलिमीटरच्या अंशापलीकडे फारसं जात नाही. तळहाताने चोळून उष्णतेने तेल खोल ढकललं जातं हेही बरंचसं मनाचं समाधान आहे. तळहाताचा खरा उपयोग म्हणजे तेल अतिशय पातळ पसरवणं, आणि त्यासाठी मी तो आवर्जून वापरतो. लाकडाच्या टोकाशी मात्र नळ्यांची तोंडं उघडी असतात. तिथे ते झपाट्याने शोषलं जातं. म्हणून बट-प्लेटच्या खाली उघडा पडलेला छेद आणि पुढचं टोक यांना तेल पिणं थांबेपर्यंत देत राहा. ओलावा सर्वांत जास्त तिथूनच शिरतो. या झाकल्या जाणाऱ्या जागांना पातळ केलेलं पॉलियुरेथेन दिलंत तरी माझा विरोध नाही. धातू जिथे बसतो त्या आतल्या खाचांना एक-दोन अगदी पातळ हात पुरेत. तिथे थर साचला तर रायफलची बैठक बदलते.

दहा-पंधरा मिनिटं थांबा आणि मग सगळं पुसून काढा. सगळं म्हणजे खरोखर सगळं. कोरडं फडकं फिरवल्यावर दस्ता ओला दिसता कामा नये. हाताला चिकट लागलं तर तेल जास्त झालंय. टांगून ठेवा, हवा खेळती हवी, थेट कडक उन्हात नको. बेलतेलाला एक दिवस, शुद्ध टंगला दोन ते तीन दिवस, दमट हवेत दुप्पट. नख हलकेच टेकवून ठसा उमटतो का बघा. उमटला तर पुढचा हात देऊ नका, कॅलेंडर काहीही म्हणो.

अक्रोडाची रंध्रं उघडी असतात. ती भरली नाहीत तर कितीही हात द्या, उजेडात टाचणीच्या टोचांसारखे ठिपके दिसतात. दुसऱ्या किंवा तिसऱ्या हाताला दस्त्यावर थोडं जास्त तेल घ्या आणि ४०० नंबरच्या वॉटर पेपरने ओल्यातच गोल गोल घासा. लाकडाची धूळ आणि तेल मिळून गाळासारखा तपकिरी लगदा होतो. तो दोन मिनिटं बसू द्या, मग खरखरीत फडक्याने तंतूंना आडवं पुसा म्हणजे रंध्रांतला लगदा तिथेच राहील. दोन दिवस वाळवा आणि पुन्हा तेच करा. तीन-चार खेपांत पृष्ठभाग भरतो. लाकडाच्या स्वतःच्याच धुळीने भरल्यामुळे रंग तंतोतंत जुळतो, बाजारातल्या भरावाने तो कधीच इतका जुळत नाही. मला या सगळ्या कामात हीच पायरी सर्वांत प्रिय आहे. तिसऱ्या खेपेला लाकडातल्या रेषा एकदम खोल दिसू लागतात.

मुठीवरच्या जाळीदार खाचांना, म्हणजे चेकरिंगला, हे घासकाम अजिबात नको. आधी टेप लावून तो भाग वेगळा ठेवा. शेवटी पातळ केलेलं तेल जुन्या दातांच्या ब्रशने लावा आणि लगेच कोरड्या ब्रशने उपसून काढा. एक किंवा दोन हात बास. खाचांत तेल साचून वाळलं की पकड जाते.

रंध्रं भरल्यावर सहा ते दहा पातळ हात. प्रत्येक हाताला बोटाच्या टोकावर मावेल एवढंच तेल घेऊन तळहाताने फिरवा आणि पुसा. जाड हातांचं काय होतं ते मी एका दस्त्यावर भोगलंय. पावसाळी हवा होती, तेल कच्चं जवस, मालकाला लवकर हवा होता म्हणून तीन सढळ हात दिले. महिनाभराने दस्ता चिकटच होता, त्यावर फडक्याचे धागे रुतलेले आणि कोपऱ्यात बुरशी. टर्पेंटाइन आणि स्टील वूलने सगळं उतरवून पहिल्यापासून करावं लागलं. तुमच्यावर असं आलं तर वरून आणखी तेल किंवा सुकण्याचा वेग वाढवणारं ड्रायर देऊन चिकटा झाकू नका, उतरवा.

मेण लावायचं असेल तर तेल पूर्ण पक्कं झाल्यावर, म्हणजे साधारण महिन्याने. आधी लावलंत तर पुढचं तेल लाकूड घेणार नाही.

चिंध्यांबद्दल मी प्रत्येकाला सांगतो आणि तुम्हालाही कळकळीने सांगतो. तेल ऑक्सिजन घेताना उष्णता बाहेर टाकतं. दस्त्यावर ती हवेत विरते, पण चुरगाळून ठेवलेल्या चिंधीत अडकते, वाढत जाते आणि कोणी काडी न लावता चिंधी पेटते. २३ फेब्रुवारी १९९१ रोजी फिलाडेल्फियातल्या वन मेरिडियन प्लाझा या ३८ मजली इमारतीला आग लागली ती बाविसाव्या मजल्यावर लाकूडकामानंतर राहिलेल्या जवस तेलाच्या चिंध्यांतून. तीन अग्निशमन जवान गेले आणि इमारत पुढे पाडावी लागली. तुमची चिंधी तळहाताएवढी असली तरी रसायन तेच आहे. काम संपलं की प्रत्येक चिंधी उघडी पसरून बाहेर, एकेरी, सुकू द्या, किंवा पाण्याने भरलेल्या झाकणाच्या धातूच्या डब्यात बुडवून ठेवा. कचऱ्याच्या डब्यात गोळा करून कधीही टाकू नका.

शेवटच्या हातानंतर जोडणी करायची घाई करू नका, दोन आठवडे द्या. जोडताना नळी आणि लाकूड यांच्यात जिथे मोकळी जागा होती तिथे कागदाची पट्टी पूर्वीसारखी सरकते का पाहा. अडकली तर तेलाचा थर तिथे साचलाय, तो खरवडून काढा. स्क्रू घट्ट केल्यानंतर महिन्याभराने पुन्हा तपासा, कारण लाकूड आपला ओलावा बदलत असतं आणि ते किंचित ढिले होतात. त्यानंतर नेमबाजी करण्याआधी नेम पुन्हा जुळवून घ्या, दस्ता काढून बसवल्यावर तो जवळजवळ नेहमी हलतो. कपाटात ठेवताना धातूवरचं जास्तीचं तेल पुसा आणि काही दिवस तरी नळी खाली करून ठेवा, म्हणजे ज्या काळपटपणासाठी एवढी खडूची पूड खर्ची पडली तो पुन्हा मुठीत उतरणार नाही.